‘ॲडमिन१२३’ आणि काउंटरमागचा काळा डबा

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात कॅमेरा शोधायला मान फार वर करावी लागत नाही. देवराज मार्केटच्या आसपास, देवराज अर्स रोडवरच्या कापडाच्या दुकानांत, लॉजच्या जिन्यात, औषधांच्या दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्याच्या पायरीशी कुठे गोल डोम, कुठे लांबट बुलेट. मार्केटला खेटून जाणारा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. दसऱ्याची जंबो सवारी याच सयाजीराव रोडवरून बन्नीमंटपाकडे जाते, आणि एवढी गर्दी म्हटल्यावर पोलिसांचे कॅमेरेही आलेच.

हे सगळे हौसेने झालेले नाही. कर्नाटकात सार्वजनिक सुरक्षेचा २०१७ चा कायदा आहे. एका वेळी १०० किंवा दिवसभरात ५०० माणसे जमण्याची शक्यता असलेल्या आस्थापनांनी कॅमेरे बसवावेत आणि चित्रण ३० दिवस जपून ठेवावे, असे तो सांगतो. चोरी झाली, मारामारी झाली, गाडीला गाडी घासली की पोलिसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुटेज आहे का? त्यामुळे दुकानदार दोनच गोष्टींकडे बघतो. कॅमेरे चालू आहेत ना, आणि हार्ड डिस्क बंद तर पडलेली नाही ना. हे चित्रण आपल्याखेरीज आणखी कोण पाहू शकते, हा तिसरा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनातही येत नाही.

तो का यायला हवा, हे राजकोटच्या एका प्रकरणावरून कळते. त्याचे धागे लातूर आणि सांगलीपर्यंत पोचलेले आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातल्या चित्रफिती यूट्यूबवर फिरताना आढळल्या. तपासणीसाठी, इंजेक्शनसाठी आलेल्या स्त्रिया त्यांत दिसत होत्या. यूट्यूबवरचे तुकडे हे केवळ आमिष होते. खाली टेलिग्रामची लिंक होती आणि तिथे पैसे भरणाऱ्यांना पूर्ण चित्रफिती मिळत. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने १७ फेब्रुवारीला गुन्हा नोंदवला आणि दोनच दिवसांत तिघांना ताब्यात घेतले. त्यांतला एक प्रयागराजचा होता, एक लातूरचा, एक सांगली जिल्ह्यातला. रुग्णालय सौराष्ट्रात, विक्री करणारे मराठवाड्यात आणि कृष्णाकाठी, गिऱ्हाईक देशभर. यांतल्या कोणालाही राजकोटला पाऊल टाकावे लागले नव्हते. पुढे आणखी काहींना अटक झाली.

तपासातून बाहेर आलेले चित्र एका रुग्णालयापुरते राहिले नाही. पोलिसांच्या सांगण्यानुसार २०२४ च्या वर्षभरात देशातल्या सुमारे ८० ठिकाणच्या कॅमेरा यंत्रणांमध्ये शिरकाव झाला होता आणि जवळपास ५० हजार चित्रफिती काढून घेतल्या गेल्या होत्या. या ठिकाणांत रुग्णालये होती, शाळा होत्या, कचेऱ्या, चित्रपटगृहे, कारखाने आणि घरेही होती; पुणे, मुंबई आणि नाशिक यांची नावे यादीत होती. एवढ्या ठिकाणी शिरायला लागलेले कौशल्य मात्र फार मोठे नव्हते. अनेक जागी वापरकर्त्याचे नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता.

अशा शिरकावाला तंत्रज्ञ ‘ब्रूट फोर्स’ म्हणतात. एक छोटा प्रोग्रॅम लॉगिनच्या खिडकीवर एकामागून एक पासवर्ड टाकत राहतो. फक्त आकड्यांचा, सहा अंकी पासवर्ड घेतला तर एकूण शक्यता १० लाख. सेकंदाला १० या बेताच्या वेगानेही त्या सगळ्या २८ तासांत संपतात. आता त्याच यंत्रात एक नियम घालून बघा: पाच वेळा चुकले की अर्धा तास दार बंद. मग दिवसाला २४० च प्रयत्न होतात आणि त्याच १० लाखांना ११ वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे नियम एका ओळीचा, आणि फरक एका दिवसाचा नि एका तपाचा. पण खरा चोर १० लाख पासवर्ड टाकून बघायच्या फंदात पडतच नाही. तो उलटा हिशेब करतो. एकाच डब्यावर लाख पासवर्ड टाकण्याऐवजी लाख डब्यांवर ‘ॲडमिन१२३’ हा एकच पासवर्ड टाकतो. प्रत्येक डब्याला एकच चुकीचा प्रयत्न दिसतो, त्यामुळे कुलूप लागत नाही आणि मालकाला सूचनाही जात नाही. शंभरात एखादा डबा उघडला तरी त्याचे भागते.

डबा म्हणजे काय, तेही नीट पाहायला हवे, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. कॅमेरा सगळ्यांना दिसतो. चित्रण साठवणारा डीव्हीआर किंवा एनव्हीआर गल्ल्यामागच्या फळीवर, जुन्या कॅलेंडरांच्या आणि बिलबुकांच्या आड पडलेला असतो. काळा, चपटा, वर धुळीचा थर, मागे वायरींचा गुंता, एक निळा दिवा लुकलुकतो आणि आतला बारका पंखा घरघरतो. त्याला लावलेल्या माउसवर उजवे बटण दाबले की पडद्यावर मेनू येतो. हे यंत्र म्हणजे एक पूर्ण संगणक आहे. त्यात बहुधा लिनक्सवर चालणारी प्रणाली असते, छोटा वेब सर्व्हर असतो, वापरकर्त्यांची यादी असते, आणि इंटरनेटची वायर लावली की बाहेरच्या जगाशी बोलण्याचे पाच-सहा मार्ग असतात. दुकानदाराच्या लेखी ती ‘कॅमेऱ्याची पेटी’. तिला लॉगिन आहे हे त्याला ठाऊक असते ते मोबाइलवरच्या ॲपपुरते.

पासवर्ड ठरवतो तो बसवणारा. त्याची अडचणही समजून घ्यायला हवी. हाताखाली दोन पोरे, शहरभर दीडदोनशे गिऱ्हाइके. रोज कोणाचा तरी फोन येतो: ‘राउटर बदलला, मोबाइलवर दिसत नाही.’ प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड वेगळा ठेवला तर लक्षात कसा राहणार? मग सगळ्यांना एकच. कधी ‘ॲडमिन’च्या पुढे १२३, कधी मध्ये एक ॲटचे चिन्ह, कधी दुकानाच्या पाटीवर छापलेला मोबाइल नंबर. काही जण तर तो मार्करने डब्याच्या पाठीवरच लिहून जातात. वर्षभराने हाताखालचा पोरगा काम सोडून स्वतःचा धंदा टाकतो आणि जाताना दीडशे दुकानांच्या किल्ल्या डोक्यात घेऊन जातो. यात कोणाची बदमाशी असेलच असे नाही. पासवर्ड ही देखभालीची सोय मानली गेली की तो असाच वागवला जातो.

कंपन्यांनीही वर्षानुवर्षे हेच शिकवले. हिकव्हिजन या चिनी कंपनीच्या जुन्या उपकरणांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड १२३४५ होता, दाहुआ या दुसऱ्या चिनी कंपनीच्या जुन्या रेकॉर्डरवर सहा वेळा आठ चालत असे. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानांत तो छापलेला असायचा. २०१५ च्या फेब्रुवारीत चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या सुरक्षा खात्याने, आपल्याकडची हिकव्हिजनची काही उपकरणे परदेशातून ताब्यात घेतली गेल्याचा इशारा दिला. त्याच वर्षी कंपनीने पद्धत बदलली: नवे उपकरण चालू करताना मालकाने स्वतःचा पासवर्ड ठरवल्याशिवाय ते पुढे जाईना. बदल चांगला होता. पण सक्ती पासवर्ड ठरवण्याची होती. आकडा हवा, अक्षर हवे, लांबी आठ हवी, एवढ्या अटी ‘ॲडमिन१२३’ आरामात पुऱ्या करतो.

पासवर्ड बदलूनही भागत नाही, हे जगाला २०१६ मध्ये कळले. त्या वर्षी ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हुडकत फिरे आणि जवळच्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांवर चालवून बघे. टेलनेट हा संगणकाला दुरून आज्ञा देण्याचा जुना मार्ग. डब्याचे ते मागचे दार कंपन्यांनी कारखान्यातल्या सोयीसाठी उघडे ठेवले होते. शिआँगमाई या चिनी कंपनीच्या सुट्या भागांवर बनलेल्या अनेक डीव्हीआरमध्ये या मागच्या दाराचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्रातल्या मूळ प्रणालीतच, कोरलेला होता. मालकाने वेबवरचा पासवर्ड बदलला तरी हा बदलत नसे. बदलायची सोयच नव्हती. मिराईच्या ताब्यात एका वेळी सुमारे ६ लाख उपकरणे गेली. सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्ज या सुरक्षा-पत्रकाराच्या संकेतस्थळावर सेकंदाला ६२० गिगाबिटचा मारा झाला. २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास कोलमडली. शिआँगमाईला काही उपकरणे परत बोलवावी लागली. मिराई बनवणारे विशीतले तीन अमेरिकी तरुण निघाले. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचे गुन्ह्याचे कबुलीजबाब उघड झाले. मिराईचा मूळ कोड मात्र त्यांनी आधीच इंटरनेटवर टाकून दिला होता आणि त्याची पिलावळ आजही फिरते आहे.

इथपर्यंतच्या गोष्टींत निदान पासवर्ड विचारला तरी जात होता. त्याहून वाईट प्रकार म्हणजे विचारणेच विसरणे.

मार्च २०१७ मध्ये एका संशोधकाने हिकव्हिजनला कळवले, की कॅमेऱ्याला पाठवलेल्या विनंतीच्या शेवटी एक ठरावीक मजकूर जोडला तर कॅमेरा समोरच्याला थेट ॲडमिन समजतो. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, त्याची गाठच पडत नाही. वापरकर्त्यांची यादी मिळते, त्या क्षणाचे चित्र मिळते. अमेरिकी सरकारच्या औद्योगिक सायबर सुरक्षा विभागाने मेमध्ये इशारा काढला आणि या त्रुटीला गांभीर्याच्या मापावर १० पैकी १० गुण दिले. त्याच मार्चमध्ये दाहुआचीही एक त्रुटी उघड झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. नीट बांधलेल्या यंत्रात पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत. त्याचा एक गणिती ठसा, म्हणजे हॅश, साठवतात. ठशावरून मूळ शब्द काढणे अवघड असते. दाहुआच्या काही उपकरणांतून वापरकर्त्यांची नावे आणि हे ठसे असलेली फाइल कोणालाही लॉगिनशिवाय उतरवून घेता येत होती. त्यावर कहर असा, की लॉगिन करताना मूळ पासवर्डाची गरज नव्हती, ठसा असला तरी चालत होता. मग ठसा ठेवण्याचा उपयोग काय राहिला? दोन्ही कंपन्यांनी दुरुस्त फर्मवेअर काढले. पण फळीवर धूळ खाणाऱ्या डब्यात ते घालायला कोणी गेले नाही, आणि कोणी जाईल अशी व्यवस्थाही नव्हती.

हे चिनी मालामुळे होते, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. ९ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, एक सूचना काढली. तिचा विषयच ‘भारतातले अनेक सीसीटीव्ही कॅमेरे’ असा होता. तिच्यात डी-लिंक इंडियाच्या एका मॉडेलचे नाव होते. या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. त्रुटी अशी, की कॅमेऱ्याचा एक विशिष्ट वेबपत्ता उघडला तर त्याची सगळी जुळवणी, खात्याच्या नाव-पासवर्डासह, लॉगिन न करता हातात पडते. गांभीर्य १० पैकी ९ च्या वर. पुढच्या दाराला कुलूप आहे, पण बाजूच्या खिडकीत किल्ली टांगलेली आहे.

आता प्रश्न असा, की मोहल्ल्यातल्या दुकानाच्या फळीवरचा डबा मुळात जगाला दिसतो कसा?

मालकाला मोबाइलवर दुकान बघायचे असते, म्हणून. पूर्वीचा मार्ग पोर्ट फॉरवर्डिंगचा. राउटरला सांगायचे, की बाहेरून अमुक क्रमांकाच्या पोर्टवर कोणी आले तर त्याला सरळ डीव्हीआरकडे पाठव. हिकव्हिजनसाठी ८०००, दाहुआसाठी ३७७७७, थेट चित्रासाठी ५५४ हे क्रमांक बसवणाऱ्यांना पाठ असतात. बऱ्याच डब्यांत ‘यूपीएनपी’ नावाची सोय चालू असते. तीत डबा स्वतःच राउटरला विनंती करून दार उघडून घेतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. हे दार उघडे आहे हे कळायला कोणाला गल्लीतून फिरावे लागत नाही. जॉन मॅथर्ली याने २००९ मध्ये सुरू केलेले शोदान हे शोधयंत्र गूगलसारखी पाने शोधत नाही, इंटरनेटला जोडलेली यंत्रे शोधते. कुठल्या शहरात कुठल्या कंपनीचा डबा कुठल्या पोर्टवर उत्तर देतो आहे, याची यादी ते मांडते. संशोधकांना त्याचा उपयोग होतो, चोरांनाही होतो.

आपल्याकडे एक गोष्ट नकळत चांगली घडली. मोबाइल आणि घरगुती ब्रॉडबँड कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. मग बसवणारे डब्यावरच्या क्यूआर कोडकडे वळले. मोबाइलने कोड टिपायचा, डब्याचा ओळखक्रमांक ॲपमध्ये जातो, डबा आणि मोबाइल दोघेही कंपनीच्या मधल्या सर्व्हरला फोन लावतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. याला पीटूपी म्हणतात. दार उघडे राहत नाही, पण आता भिस्त त्या क्रमांकावर आणि मधल्या सर्व्हरवर आली. २०१९ मध्ये पॉल मारापीज या संशोधकाने दाखवले, की आयलिंक नावाच्या अशाच एका पीटूपी यंत्रणेतले ओळखक्रमांक अंदाजाने काढता येतात. २० लाखांवर उपकरणे त्याला अशा तऱ्हेने सापडली. २०२१ मध्ये थ्रूटेक कंपनीच्या कलाय या यंत्रणेतही गंभीर दोष निघाला. ती जगभरातल्या ८ कोटींहून अधिक उपकरणांत वापरली जात होती.

कंपनी मोठी आणि महागडी असली म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. अमेरिकेतल्या व्हर्काडा कंपनीचे सगळेच क्लाउडवर चाले. मार्च २०२१ मध्ये काही हॅकरांना तिच्या ‘सुपर ॲडमिन’ खात्याचे नाव-पासवर्ड इंटरनेटवर उघड्यावर पडलेले सापडले आणि दीड लाख कॅमेऱ्यांची चित्रे त्यांच्यापुढे उघडली. त्यांत टेस्लाचा कारखाना होता, रुग्णालये होती, तुरुंगही होते. ग्राहकांनी आपापले पासवर्ड किती अवघड ठेवले होते, याला काही अर्थ उरला नाही.

दुकानदार म्हणेल, माझ्या दुकानाचे चित्र बघून कोणाला काय मिळणार? खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून निघालेले गलाई व्यावसायिक दक्षिणेतल्या सराफ पेठांत सोने गाळण्याचा धंदा करतात. त्यांना हा प्रश्न विचारून बघावा. माल कधी येतो, तिजोरी कोण उघडतो, मालक जेवायला कधी जातो, दुपारी दुकानात एकटा कोण असतो, हे सगळे चोराला आठवडाभर दुकानासमोर उभे न राहता कळले तर? गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यात एटीएमचा पिन दिसतो, मोबाइलचे पॅटर्न दिसते. कापडाच्या दुकानातल्या ट्रायल रूमच्या बाहेरचा कॅमेरा थोडा तिरका झाला तर काय दिसते, हे सांगायला नको. राजकोटच्या प्रकरणात पासवर्डाची चर्चा झाली, पण त्याआधीची चूक तिथे कॅमेरा असणे ही होती. जिथे माणूस कपडे सैल करतो तिथे कॅमेरा बसवण्याचे कोणतेही सबळ कारण नाही. पासवर्ड कितीही चांगला असो, डीव्हीआरवर बसणारा कारकून, बसवणारा मिस्त्री आणि दुरुस्तीवाला ते चित्रण पाहणारच.

सरकारला हे कळले, पण सावकाश. मार्च २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितले, की सरकारी संस्थांतले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांचे चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. एप्रिल २०२४ मध्ये खात्याने सीसीटीव्हीसाठी किमान सुरक्षा-अटी ठरवल्या. मुदत वाढवत वाढवत त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. आता कॅमेरा विकायला आणण्याआधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याची तपासणी व्हावी लागते: लॉगिनची व्यवस्था आणि कोणाला काय पाहता येईल याचे नियंत्रण, चित्रणाचे कूटीकरण, फर्मवेअर बदलताना त्याची खातरजमा, न वापरलेली दारे बंद. परदेशी कंपन्यांनी कुरकुर केली, तपासणीला वेळ लागतो म्हणून व्यापाऱ्यांनीही केली. तरी अटी योग्यच आहेत. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सोप्या, सर्वांना सारख्या पासवर्डांसह घरगुती उपकरणे विकायलाच बंदी घातली आहे. कॅलिफोर्नियात असा कायदा २०२० पासून आहे.

या सगळ्या नियमांत एक मोठी फट आहे. ते नव्या मालाला लागू होतात. देवराज मोहल्ल्यात असो, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर असो की सांगलीच्या गणपती पेठेत, आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांना कोणी हात लावत नाही. डीव्हीआर सात-आठ वर्षे सहज चालतो, आणि चालणारी वस्तू बदलायची आपल्याकडे रीत नाही. बदलायला हवीच असेही नाही, पण तिच्यावर एक संध्याकाळ खर्च करायला हरकत नसावी. बसवणाऱ्याला बोलावून ॲडमिनचा पासवर्ड मालकाने स्वतः, त्याच्याकडे पाठ करून टाकावा आणि घरच्या वहीत लिहून ठेवावा; वहीतला लांब पासवर्ड हा डोक्यातल्या छोट्या पासवर्डापेक्षा केव्हाही बरा. दुरुस्तीसाठी बसवणाऱ्याला वेगळे खाते काढून द्यावे, काम झाले की बंद करावे. मेनूत वापरकर्त्यांची यादी असते. तीत ओळखीचे नसलेले नाव दिसले तर ते काढून टाकावे. राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करून घ्यावे, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे नवे फर्मवेअर आहे का ते पाहायला सांगावे. कंपनीने फर्मवेअर देणे थांबवले असेल तर त्या डब्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी. मोबाइलवर दुकान दिसणार नाही, पण चित्रण चालूच राहील आणि पोलिसांना हवे ते ३० दिवसांचे फुटेजही मिळेल.

हे टाळणाऱ्यांसाठी पैशाचा हिशेबही येऊ घातला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ओळखू येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रण हीही वैयक्तिक माहितीच. ती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू होतील.